लिस्टिंग फी भरू का? सही करण्याआधी पाकिटामागे हातात काय उरतं ते बघा

पत्र थोडक्यात असं आहे. सोलापूरकडच्या एक ताई बरीच वर्षं शेंगदाणा चटणी, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी आणि कडक भाकरी करून विकतात. हाताखाली सहा बायका आहेत. गावातल्या चाळीसेक किराणा दुकानांत माल जातो, दुकानदार एमआरपीवर १८ टक्के ठेवतात आणि पैसे बहुतेक पुढच्या खेपेला हातात मिळतात. आता एका सुपरमार्केट साखळीने त्यांना विचारलंय. साखळीची सात दुकानं पुण्यात आहेत, आठवं सोलापुरात उघडतंय. अटी अशा: एमआरपीवर ३२ टक्के मार्जिन, दर आयटमला दर दुकानामागे १,५०० रुपये लिस्टिंग फी (नवा माल दुकानात ठेवून घ्यायचे पैसे) अधिक जीएसटी, डिस्प्लेचे म्हणून खरेदीच्या ३ टक्के, पहिले तीन महिने १० टक्के सूट ताईंच्या खर्चाने, न विकलेला आणि फुटलेला माल परत, पैसे ६० दिवसांनी. ताईंचे मिस्टर म्हणतात एवढी संधी परत येणार नाही, नाव होईल. ताईंना झोप नाहीये. त्या लिहितात, "आमचे जुने दुकानदार काय म्हणतील याची भीती वाटते, आणि खरं सांगायचं तर हे पैसे भरायचे कशाचे तेच मला कळत नाही. पण नाही म्हणायची पण हिंमत होत नाही."

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं "पैसे भरायचे कशाचे" हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुम्ही ते अगदी दबकत लिहिलंय, जणू आपल्यालाच काही कळत नाही म्हणून विचारतेय असं. तर आधी हे सांगते की हा प्रश्न बरोबर आहे, आणि समोर बसलेल्या खरेदीवाल्या साहेबांना तो विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मी काही वर्षं एका रिटेल कंपनीच्या खरेदी विभागात होते, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसून हेच बोलणं केलंय, त्यामुळे तिकडे काय चालतं ते थोडं सांगते आणि मग तुमच्या आकड्यांकडे येते.

दुकानदार दोन ठिकाणी कमावतो. एक म्हणजे तुमच्याकडून घेतलेला भाव आणि गिऱ्हाइकाला विकलेला भाव यातला फरक, त्याला फ्रंट मार्जिन म्हणतात. दुसरं बॅक मार्जिन, म्हणजे लिस्टिंग, डिस्प्ले, स्कीमचा वाटा, टार्गेटचा रिबेट, उशीर झाला तर दंड, हे सगळं जे तुमच्या बिलातून नंतर डेबिट नोटने, म्हणजे पैसे वजा केल्याच्या कागदाने, कापलं जातं. खरेदीवाल्याला वर्षाचं टार्गेट असतं आणि त्यात बॅक मार्जिनचा आकडा वेगळा असतो. म्हणून तो तुम्हाला ३२ टक्क्यांवर अर्धा तास भांडू देईल, शेवटी ३१ करून देईल, तुम्हाला वाटेल जिंकलो, आणि बाकीच्या ओळी तशाच राहतील. खरा पैसा तिथेच असतो.

आता लिस्टिंग फी घेणं हे मुळातच चुकीचं आहे का? माझं मत, नाही. नवीन आयटम सिस्टिममध्ये टाकायचा, बारकोड चढवायचा, शेल्फवर ज्याचं आधी काहीतरी विकत होतं त्याला हटवून तुम्हाला जागा द्यायची, याला खर्च आहे आणि नवा माल पडून राहिला तर ती जागा फुकट गेली हेही खरं. ब्रिटनमध्ये मोठ्या किराणा साखळ्यांसाठी २०१० पासून एक आचारसंहिता लागू आहे. त्यातसुद्धा नुसतं पुरवठादार म्हणून ठेवायचे पैसे मागायला बंदी आहे, पण माल दुकानाला नवा असेल तर त्या जोखमीच्या वाजवी अंदाजाइतके पैसे घ्यायला मुभा आहे. म्हणजे तिकडे कायद्यानेच हे मान्य केलंय की फी ही जोखमीची किंमत असू शकते. मग २०१३ मध्ये त्या संहितेवर लक्ष ठेवायला एक वेगळं पदच तयार केलं आणि २०१६ मध्ये टेस्कोसारख्या सगळ्यात मोठ्या साखळीलाही पुरवठादारांचे पैसे मुद्दाम लांबवल्याबद्दल त्या पदावरच्या बाईंनी दोषी ठरवलं. आपल्याकडे खास किराणा साखळ्यांसाठी असा वेगळा कायदा नाही, त्यामुळे आपल्याला आपला करारच नीट वाचावा लागतो.

पण तुमच्या अटी बघा ताई. लिस्टिंग फी घेतात म्हणजे नव्या मालाच्या जोखमीचे पैसे घेतले. मग न विकलेला मालही परत तुमच्याकडेच. म्हणजे ज्या जोखमीचे पैसे घेतले ती जोखीम त्यांनी घेतलीच नाही. वर पैसे ६० दिवसांनी, म्हणजे तुमचा माल विकून आलेली रोकड ते वापरणार आणि तुम्ही उधारीवर बसणार. वर सूटही तुमच्या खिशातून. एकेक अट सुटी बघितली तर व्यापारात सगळीकडे दिसते, तुमचे मिस्टर म्हणतात ना की सगळेच घेतात, ते बरोबरच आहे. पण सगळ्या एकाच कागदावर आल्या की दुकानाची जोखीम शून्य होते. मी तुमच्या जागी असते तर एकच प्रश्न विचारला असता: माझी चटणी अजिबात विकली गेली नाही तर यात तुमचं काय नुकसान? त्यांच्याकडे उत्तर नसेल तर ती चटणी विकायची घाई त्यांना कशाला असेल?

आता आकडे. तुम्ही लिहिलंय की २०० ग्रॅमच्या १०० रुपये एमआरपीच्या शेंगदाणा चटणीला दाणे, मिरची, लसूण, मजुरी, गॅस, पाऊच धरून साधारण ५० रुपये पडतात. किराणावाला १८ ठेवतो, तुम्हाला ८२ मिळतात. पोचवायचे दोन रुपये, अधूनमधून परत येणाऱ्या मालाचा एक रुपया धरू. हातात २९ उरतात, आणि तेही आठ-पंधरा दिवसांत.

साखळीकडे: ३२ टक्के गेले, राहिले ६८. (हे ३२ एमआरपीवर आहेत. तुमच्या ६८ रुपयांवर काढलं तर ते ४७ टक्के होतात. म्हणून कोणीही टक्केवारी बोललं की पहिलं विचारायचं, कशावर? एमआरपीवर की बिलाच्या भावावर?) त्यातून डिस्प्लेचे ३ टक्के म्हणजे दोन रुपये. पुण्याच्या गोडाऊनपर्यंत वाहतूक तीन रुपये धरू. शंभरातली पाच पाकिटं जरी परत आली तरी दर पाकिटामागे ३ रुपये ४० पैसे गेले. पहिल्या तीन महिन्यांची १० टक्के सूट वर्षभरावर पसरली तर अडीच रुपये. आता लिस्टिंग: चार आयटम, आठ दुकानं, १,५०० रुपये, झाले ४८,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ८,६४०. एकूण ५६,६४० रुपये. तुम्ही जीएसटीत कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्यांसाठीच्या ठरावीक दराच्या योजनेत, आहात ना, मग या ८,६४० चं क्रेडिट तुम्हाला मिळत नाही, म्हणजे ते तुमच्या करातून वळते होत नाहीत, ते सरळ खर्चात जातात, हे कोणी सांगितलं का तुम्हाला? वर्षात सगळी मिळून १२,००० पाकिटं गेली तर फी पाकिटामागे ४ रुपये ७० पैसे पडते. सगळं वजा करा, ५२ रुपये ४० पैसे राहतात, म्हणजे एका पाकिटामागे २ रुपये ४० पैसे सुटले. आणि १२,००० च्या जागी ६,००० च गेली तर फीच साडेनऊच्या आसपास पडते आणि दर पाकिटाला तुमच्या पदरचे सव्वादोन-अडीच रुपये जातात. कंपोझिशनचा एक टक्का कर आणि तुमचे स्वतःचे कष्ट मी अजून धरलेच नाहीत.

किराण्यात २९ आणि इकडे २ रुपये ४० पैसे. हा हिशोब वहीत तुमच्या खऱ्या आकड्यांनी परत करा, माझे काही अंदाज आहेत, परतीचा माल कमी येऊ शकतो, वाहतूक एकत्र गेली तर स्वस्त पडेल. पण करा जरूर, आणि मिस्टरांना शेजारी बसवून करा. "खप वाढला की भरून निघेल" असं ते म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. फीचा भार खपाने हलका होतो हे खरंय. पण मार्जिन, डिस्प्ले, वाहतूक, परतीचा माल, हे प्रत्येक पाकिटाबरोबर वाढतच जातं. फी अगदी शून्य धरली आणि सूट संपली तरी या अटींवर पाकिटामागे साडेनऊ-दहा रुपयांच्या वर काही सुटत नाही. म्हणजे किराण्यातल्या एका पाकिटाइतकं कमवायला इकडे तीन पाकिटं करावी लागतील, तेवढे दाणे भाजावे लागतील, आणि तुमच्याकडच्या सहा बायकांचे हात तेवढेच आहेत.

बरं, आणि पैसे कधी येणार? समजा महिन्याला हजार पाकिटं गेली. ५० रुपयांप्रमाणे ५०,००० तुमचे त्यात घातलेले. ६० दिवस म्हणजे दोन महिन्यांचा माल कायम बाहेर, एक लाख रुपये अडकलेले, आणि त्यात ६० दिवस मोजायला सुरुवात कधी होते हा एक वेगळाच घोळ असतो, माल पोचल्यापासून की बिल त्यांच्या सिस्टिममध्ये चढल्यापासून की महिनाअखेरपासून. तुम्ही दाणे मार्केट यार्डातून रोखीने घेता, बायकांना दर शनिवारी पगार देता. लिज्जत पापडचं उदाहरण या बाबतीत मला फार पटतं. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ते सुरू केलं. त्यांच्या पद्धतीत लाटणाऱ्या भगिनींना मजुरी हातोहात मिळते, आणि म्हणून वितरकांनाही माल रोखीने उचलावा लागतो. एका बाजूला रोज पैसे द्यायचे आणि दुसऱ्या बाजूला दोन महिने थांबायचं हे जमत नाही, हे त्यांनी सुरुवातीपासून ओळखलं. उलट टोकाला डीमार्ट. व्यापारात सगळ्यांना माहीत आहे की तिथे पैसे लवकर सुटतात आणि त्या बदल्यात ते भाव घट्ट पाडून घेतात. म्हणजे भाव आणि मुदत यांची अदलाबदल होते, हा सौदा आहे. तुमच्याकडून मात्र भावही कमी आणि मुदतही लांब असं दोन्ही मागतायत.

या ६० दिवसांबद्दल कायदा तुमच्या बाजूने आहे ताई, आणि हे फक्त तुमच्यासाठी नाही, हे सदर वाचणाऱ्या प्रत्येक छोट्या उत्पादकाने लक्षात ठेवावं. २००६ च्या एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. करारात ६० दिवस लिहिले आणि तुम्ही सही केली तरी कायदा ४५ च मानतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागतं. यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, लागते, ती ऑनलाइन आणि फुकट होते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. आणि ती पहिला माल पाठवायच्या आधी, खरं तर करार करायच्याही आधी करा, कारण मागाहून केलेल्या नोंदणीवरून कोर्टात बरेच वाद झालेत. एक गोष्ट अजून, हा फायदा उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळाली तरी उशिराच्या पैशांचं हे संरक्षण मिळत नाही. तुम्ही स्वतः बनवता, तुम्हाला मिळतं.

आणि समोरच्यालाही आता याची धास्ती असते. २०२३ च्या बजेटने आयकरात ४३बी(एच) नावाचं कलम घातलं, २०२३-२४ या वर्षापासून, की सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर ती खरेदी त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी दाखवायची. तेव्हा बाजारात केवढी पळापळ झाली होती, मार्चअखेरीस जुनी बिलं भराभर निघाली आणि काही ठिकाणी तर पुरवठादारांना उद्यम नोंदणी रद्द करा असंही सांगितलं गेलं. तुम्हाला कोणी असं सांगितलं तर करू नका. साखळीच्या अकाउंट्सवाल्यांना हे कलम पाठ असतं, तुम्ही बिलावर उद्यम नंबर छापलात की तो आपोआप त्यांच्या लक्षात येतो, भांडावं लागत नाही.

फक्त एक मेख आहे, म्हणून परतीची अट नीट बघा. ४५ दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. करारात जर "सेल ऑर रिटर्न" असं लिहिलं, म्हणजे विकला तर आमचा नाहीतर तुमचा, तर माल स्वीकारला कधी यावरच वाद घालता येतो. म्हणून "सेल ऑर रिटर्न" ऐवजी सरळ विक्री लिहून घ्या आणि परतीला मर्यादा घाला. उदाहरणार्थ, एकूण मालाच्या २ टक्क्यांपर्यंतच, एक्स्पायरीच्या ४५ दिवस आधी कळवलं तरच, आणि दुकानात हाताळताना फाटलेला पाऊच त्यांच्या माथी. आणि माल उतरवला की गोडाऊनचा शिक्का मारलेली जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, घेतल्याशिवाय टेम्पोवाल्याने निघायचं नाही हे त्याला बजावून ठेवा. तुमच्याकडे तारखेचा तोच एक पुरावा असतो. पैसे अडकलेच तर सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करता येतो, तो राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे, जातो. कायद्यात ९० दिवसांत निकाल असं म्हटलंय, प्रत्यक्षात जास्त लागतात, आणि एकदा तिथे गेलात की ती साखळी पुढची ऑर्डर देईल का हा प्रश्न राहतोच. म्हणून ते हत्यार शेवटचं. त्याआधी उधारी किती वाढू द्यायची याची हद्द स्वतःशी ठरवा, एवढी रक्कम बाहेर असेल तर पुढचा माल निघणार नाही.

कडक भाकरी सध्या देऊच नका असं मी म्हणेन. सोलापूर ते पुणे टेम्पोत, मग गोडाऊन, मग दुकानाची ट्रॉली, ती भाकरी तुटणारच आणि तुटलेली सगळी तुमच्याकडे परत येणार. चटणीला तो त्रास नाही.

आता तुमच्या जुन्या दुकानदारांचं. ही भीती उगाच नाहीये. २०२१ च्या शेवटी एफएमसीजी, म्हणजे साबण-पेस्टसारख्या रोजच्या वापराच्या मालाच्या, वितरकांच्या देशपातळीवरच्या संघटनेने मोठमोठ्या कंपन्यांना पत्रं लिहिली होती की मोठ्या घाऊक साखळ्यांना जो भाव देता तो आम्हालाही द्या, नाहीतर १ जानेवारीपासून माल उचलणार नाही, आणि आपल्या महाराष्ट्रात काही माल खरंच अडला होता. भावातला फरक हा धंद्यातला सगळ्यात लवकर पेटणारा विषय आहे. तुमच्या बाबतीत काय होईल ते डोळ्यापुढे आणा. साखळीकडे ३२ टक्के आहेत, त्यातले १२ सोडून ते तुमची चटणी ८८ ला लावतील, एमआरपीपेक्षा कमीत विकायला त्यांना कोणी अडवू शकत नाही. तुमच्या किराणावाल्याची खरेदीच ८२ ची आहे. त्याचं गिऱ्हाईक त्याला येऊन सांगणार, अहो तिकडे ८८ ला मिळते. तो तुमच्यावरच चिडणार, आणि त्याचं चिडणं बरोबर असेल.

काही जण यावर उपाय म्हणून साखळीसाठी एमआरपी वाढवून छापायला सांगतात. तसं करू नका. त्याच वजनाच्या त्याच पाकिटावर दोन वेगळ्या एमआरपी छापायला पॅकबंद मालाच्या नियमांत मनाई आहे. वेगळं वजन चालतं. साखळीला १५० ग्रॅमची बरणी द्या, किराण्याला २०० ग्रॅमचा पाऊच राहू द्या, बरणीचा खर्च धरून तिची एमआरपी वेगळी काढा. पाकिटावर ग्रॅममागचा भाव छापावा लागतो, त्यामुळे फरक गिऱ्हाइकाला दिसेल आणि दिसू दे, बरणीचे पैसे बरणीला लागतातच. आणि सोलापूरचं दुकान पहिल्या वर्षी करारातून वगळा. पुण्यात तुमचे किराणावाले नाहीत, तिथे कोणाच्या पोटावर पाय येत नाही. तुमच्यातल्या मोठ्या चार-पाच दुकानदारांना मात्र स्वतः जाऊन आधी सांगा, की काका, पुण्याला बरणी चाललीय, तुमचा पाऊच आणि तुमचा भाव तोच आहे. त्यांना दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

"नाव होईल" हे मी हसण्यावारी नेत नाही. मोठ्या दुकानात आपलं पाकीट बघणं यात आनंद आहे आणि काही वेळा त्यातून खरंच पुढच्या ऑर्डरी येतात. पण नाव कुठल्या शेल्फवर होतंय तेही विचारा. डिस्प्लेचे ३ टक्के घेतात ना, मग कुठला डिस्प्ले, डोळ्यासमोरचा रॅक की खालचा, रांगेच्या टोकाला किती दिवस, हे लिहून देतील का? नाहीतर गुडघ्याएवढ्या उंचीवर, साखळीच्या स्वतःच्या ब्रँडच्या चटणीच्या मागे ठेवलेलं पाकीट कोणाला दिसतं? नाव करायचे दुसरेही रस्ते आहेत. पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते, मुंबईत महालक्ष्मी सरस भरतं, तिथे गिऱ्हाईक तुमच्या हातून चटणी चाखतं आणि पूर्ण किंमत तुमच्या हातात येते. पुण्यात घरगुती पदार्थ ठेवणारी सुटी दुकानंही भरपूर आहेत, २२-२५ टक्क्यांत, फी न घेता ठेवणारी. हे सगळं करूनही साखळी हवी असेल तर जरूर जा, पण दुसरा रस्ताच नाही असं वाटून जाऊ नका. दहा मिनिटांत डिलिव्हरी देणाऱ्या ॲपवाल्यांकडूनही तुम्हाला आज ना उद्या विचारणा येईल, तिथे लिस्टिंगऐवजी कमिशन आणि ॲपवरच्या जाहिरातीचा खर्च असतो, तोही पाकिटामागेच मोजायचा.

माझा सल्ला असा की नाही म्हणू नका आणि आहे तशी सहीसुद्धा करू नका. छोट्या चाचणीचा प्रस्ताव द्या. तीन चटण्या, पुण्यातली तीनच दुकानं, सहा महिने. फी द्यावीच लागली तर १३,५०० आणि जीएसटी धरून १५,९३० होते, ५६,६४० पेक्षा हे बुडाले तरी घर हलणार नाही. आणि फीबद्दल असं मागा की ठरलेला खप झाला तर ती पुढच्या फीत किंवा डिस्प्लेच्या पैशांत वळती करायची, म्हणजे माल विकण्यात त्यांचाही जीव गुंतेल. सूट द्यायची तर अर्धी त्यांनी अर्धी तुम्ही. कुठलीही डेबिट नोट तुम्हाला लेखी कळवल्याशिवाय आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय बिलातून कापायची नाही, ही ओळ करारात पाहिजेच पाहिजे, कारण ठरलेल्या अटींपेक्षा न ठरलेल्या कापाकापीत जास्त पैसे जातात, हे मी पलीकडे बसून बघितलंय. आणि भाव वर्षभर बांधून देऊ नका. दाण्याचा भाव नवीन माल आल्यावर वेगळा आणि उन्हाळ्यात वेगळा असतो हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, दर तीन महिन्यांनी भाव बदलता येईल असं लिहून घ्या.

मिस्टरांना वाटतं की अटी मागितल्या तर साखळीवाले दार लावतील. खरेदीवाल्याच्या बाजूने सांगते, पहिल्या कागदावर आकडे लिहितानाच तो ते थोडे चढवून लिहितो कारण समोरचा कमी करायला सांगणार हे त्याला माहीत असतं. सोलापूरची अस्सल चटणी त्याला हवीय म्हणून तर तो तुमच्यापर्यंत आला, पुण्यात सोलापूरकडची माणसं किती राहतात बघा, ती ही चटणी दुकानात मागत असणार. तुमच्याकडेही देण्यासारखं काहीतरी आहे आणि ते त्याला ठाऊक आहे.

फोनवर बोलायला अवघड वाटत असेल तर मेसेज करा, लेखी बरंच असतं. साधारण असा: "सर, आम्हाला तुमच्याकडे माल द्यायला आवडेल. आमचा उद्योग सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यममध्ये नोंदलेला आहे, त्यामुळे पेमेंट माल मिळाल्यापासून ४५ दिवसांच्या आत हवं, ३० दिवसांत झालं तर मार्जिनमध्ये एक टक्का जास्त देऊ. सुरुवातीला पुण्यातली तीन दुकानं आणि तीन चटण्या १५० ग्रॅम बरणीत, सहा महिन्यांसाठी. लिस्टिंग फी खपावर वळती व्हावी. परतीचा माल २ टक्क्यांपर्यंत. डिस्प्ले कुठे मिळेल ते कळवावं. कराराचा मसुदा पाठवावा, आमच्या सीएंना दाखवून कळवतो." उद्यम नोंदणी झाल्यावरच पाठवा, आधी नको. आणि सीएंना कंपोझिशनमध्ये राहायचं की रेग्युलरमध्ये जायचं हेही तेव्हाच विचारा, कारण साखळ्या बहुतेक वेळा टॅक्स इनव्हॉइस, म्हणजे जीएसटी वेगळा दाखवलेलं बिल, मागतात, कंपोझिशनवाल्याला ते देता येत नाही, आणि रेग्युलर झालात तर तुमच्या किराण्याच्या भावावरही त्याचा परिणाम होईल.

त्यांनी तीन दुकानांनाही नकार दिला किंवा ४५ दिवसांवर हसले, तर मग सोडून द्या ताई, तुमचं काही गेलेलं नाही, चाळीस दुकानं तशीच आहेत. हो म्हणाले तर मसुदा आला की त्यातल्या कापाकापीच्या सगळ्या ओळींवर पेन्सिलने खूण करा, प्रत्येक ओळ पाकिटामागे किती रुपये होते ते बाजूला लिहा, आणि बेरीज पंधरा रुपयांच्या वर गेली तर सही न करता मला परत लिहा.